ट्युबिंगेन की बर्लिन? लहान गावातल्या विद्यापीठात दोन वर्षं काढणं कसं असतं?

सायसाखर:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चूकभूल द्यावी घ्यावी. येत्या ऑक्टोबरपासून मास्टर्सला जर्मनीत दोन ठिकाणी ॲडमिशन मिळालीय, एक बर्लिन, दुसरं ट्युबिंगेन. विषय मॉलिक्युलर बायोलॉजीच्या अंगाने जाणारा, कोर्स दोन्हीकडे इंग्रजीतून, सिलॅबस शेजारी शेजारी ठेवून बघितले तर फार फरक नाही. अडलंय ते गावावर. ट्युबिंगेनचे फोटो बघितले की नदी, तिच्या काठाला चिकटून उभी रंगीत घरं, वर किल्ला आणि खाली होड्या. बाबांचं म्हणणं, असल्या ठिकाणी चार दिवस राहायला जातात, दोन वर्षं नाही. त्यात बर्लिनला ट्यूशन फी नाही आणि ट्युबिंगेनला आहे. आईला मात्र लहान गाव हवंय. तिथे राहिलेल्यांनी खरंखरं सांगा, कंटाळा येतो का, खोली मिळते का, जर्मन न येता निभतं का. टूरिस्ट माहिती नको, ती यूट्यूबवर ढिगाने आहे.

नेकारकाठ:
मी ट्युबिंगेनला मास्टर्स केलं, आता दुसऱ्या शहरात पीएचडी चालूय, तेव्हा माझ्या बोलण्यात जिव्हाळा थोडा जास्त असणार हे धरून वाच.

गावाची वस्ती ९० हजारांच्या आसपास आणि विद्यार्थी २८ हजारांच्या घरात, विद्यापीठ १४७७ सालचं. हे आकडे विकीवर आहेत पण त्यांचा अर्थ तिथे गेल्यावर कळतो. बसमध्ये कुणी ना कुणी हायलायटर घेऊन बसलेलं असतं, केस कापणारी बाई आधी विचारते कितवं सेमेस्टर, आणि तुझे प्रोफेसर शुक्रवारच्या बाजारात पालेभाजीची पिशवी घेऊन तुझ्याच पुढे रांगेत उभे असतात. कुंपण घातलेला कॅम्पस असा नाहीच. आर्ट्सवाले खाली विल्हेल्मस्ट्रासेच्या बाजूला, सायन्सवाले वर टेकडीवर मॉर्गेनश्टेलेला. तुझा विषय म्हणजे तू वरची. वरच्या बिल्डिंगा काँक्रीटच्या आहेत, फोटोतलं गाव तिथून दिसतही नाही, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे पहिल्या दिवशी तोंड उतरायला नको.

आता महत्त्वाचं, गावाला दोन रूपं आहेत. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत आणि मग एप्रिलच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत लेक्चरं असतात, तेव्हा गाव ओसंडून वाहतं. मधल्या महिन्यांत निम्मं गाव घरी निघून जातं. ऑगस्टमध्ये दुपारी जुन्या गावातून चालत गेलीस तर तू आणि पर्यटक. आणि सेमेस्टर चालू असतानासुद्धा शुक्रवारी संध्याकाळी स्टेशनवर जाऊन बघ, आसपासच्या गावांतली पोरं धुवायच्या कपड्यांची बॅग पाठीला लावून आईकडे निघालेली असतात. कंटाळा येतो का या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. सोमवार ते शुक्रवार येत नाही. शनिवार-रविवारची सोय स्वतः करावी लागते.

बर्लिनवारी:
धागाकर्तीला माझं मत बर्लिन. कारणं सरळ आहेत. एक, फी नाही. दोन, पार्टटाइम काम, बर्लिनमध्ये कामचलाऊ जर्मनवर कॅफे, डिलिव्हरी, स्टार्टअप काहीही मिळू शकतं, लहान गावात काउंटरमागे उभं राहायचं तर जर्मन लागतंच आणि तेही स्वाबियन, म्हणजे त्या भागातल्या बोलीच्या ढंगाचं कानावर पडणारं. तीन, डिग्रीनंतर नोकरी. पंचविशीत माणसाने मोठ्या शहरात असावं, नदीकाठची घरं रिटायर झाल्यावर बघता येतात. आणि रविवारी सगळं बंद असतं ते बर्लिनमध्येही, पण तिथे रविवारी करण्यासारखं काहीतरी असतं.

टवाळपाटील:
बर्लिनमध्ये रविवारी करण्यासारखं म्हणजे शनिवारी रात्री सुरू झालेलं संपवणं 😀 हलके घ्या.

हिशेबनीस:
फीचा मुद्दा नीट मांडतो कारण यात लोक अर्धंच गणित करतात. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०१७-१८ च्या हिवाळी सेमेस्टरपासून युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमेस्टरला १५०० युरो फी लावली. ट्युबिंगेन त्याच राज्यात. चार सेमेस्टर म्हणजे ६००० युरो, महिन्याला २५० पडतात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे जे ११,९०४ युरो ठेवायचे, म्हणजे महिन्याला ९९२ हातात, ते राहण्याखाण्यासाठी मोजलेले आहेत, फी त्यात धरलेली नाही. लोन काढताना हे वेगळं धरा.

आता उलट बाजू. बर्लिनला साधी खोली सहाशेच्या पुढे जाणं नेहमीचं झालंय. ट्युबिंगेन स्वस्त आहे असं अजिबात नाही, पण हॉस्टेलमध्ये नंबर लागला तर साडेतीनशे-चारशेच्या आसपास भागतं. म्हणजे भाड्यात फीची बरीचशी भरपाई होते, नंबर लागला तर. बाहेर खोली घेतली तर ते गणित कोसळतं. आरोग्य विमा दीडशेच्या आसपास दोन्हीकडे सारखाच, रेडिओ-टीव्हीचा कर महिन्याला १८.३६ युरो, तो माणशी नसून घरटी आहे, चार जण राहत असाल तर चौघांत वाटा.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. मास्टर्स चार सेमेस्टरचं असतं कागदावर. थिसिस लांबतो, एखादा पेपर राहतो, पाचवं सेमेस्टर घेणारे खूप असतात आणि तिथली मुलं ते फीशिवाय घेतात. तुम्हाला पाचव्या सेमेस्टरचे आणखी १५०० मोजावे लागतील. जर्मन वर्गमित्र निवांत आहे म्हणून आपणही निवांत राहायचं हे परवडत नाही.

सायसाखर:
@हिशेबनीस, थँक्यू, पाचव्या सेमेस्टरचं डोक्यातच नव्हतं. म्हणजे सगळं खोलीवर येऊन थांबतंय तर. कुणी खोलीचं सांगेल का?

मधलीआळी:
सांगते, मी त्यातून गेलेय.

दोन रस्ते. एक म्हणजे विद्यार्थी वसतिगृह, श्टुडिएरेंडेनवेर्क नावाची संस्था चालवते, ॲडमिशनचं पत्र हातात पडल्या दिवशी फॉर्म भरायचा, जॉइनिंगची वाट बघायची नाही. सगळ्यात मोठी वस्ती वाल्डहॉयझर ओस्टला, उत्तरेला टेकडीवर, सगळे तिला वेहाओ (WHO) म्हणतात. उंच उंच टॉवर आहेत, दिसायला काही खास नाही, पण तुझी मॉर्गेनश्टेले तिथून जवळ आणि जंगल तर मागच्याच अंगाला. दुसरा रस्ता म्हणजे वेगे, तीन-चार जणांनी मिळून घेतलेला फ्लॅट. त्यासाठी मुलाखत असते, नोकरीच्या इंटरव्ह्यूत घाम फुटला नसेल तेवढा तिथे फुटतो.

एकदा मी एका वेगेत गेले, स्वयंपाकघरात लाकडी टेबल, तिघे जण एका बाजूला आणि मी एका बाजूला, मध्ये चहाची किटली. फ्रिजवर गोल कागदी चकती लावलेली, मध्ये पिन, चकती फिरवली की या आठवड्यात बाथरूम कुणाचं, कचरा कुणाचा ते दिसायचं. विचारलं काय तर, सकाळी किती वाजता उठतेस, भांडी लगेच घासतेस की साठवतेस, आम्ही रविवारी एकत्र जेवतो तुला चालेल का, आणि कुणावर राग आला तर तोंडावर सांगतेस की मनात ठेवतेस. शेवटच्या प्रश्नाला मी आपल्या सवयीने "मला राग येतच नाही" म्हटलं. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. तिथे खरं सांगणारा माणूस हवा असतो, गोड बोलणारा नको. नंतर एका जागी स्पष्ट बोलले, मी रात्री उशिरा स्वयंपाक करते, फोडणीचा वास येईल, खिडकी उघडून ठेवीन, जमत असेल तर बघा. खोली मिळाली.

भारतातून ऑनलाइन शोधताना फसवणूक भरपूर आहे. मालक परदेशात आहे, चावी कुरियरने पाठवतो, आधी डिपॉझिट टाका, असं कुणी म्हटलं की चॅट तिथेच बंद करायचं. डिपॉझिट कायद्याने मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि भाडं सांगताना कोल्ड की वॉर्म ते विचारायचं, कोल्ड म्हणजे हीटिंग-पाणी वगळून. खोलीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत नोंदणी करायची असते, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो कागद देणार नसेल तर ती खोली घेऊच नये, कारण पुढची बहुतेक कामं त्या नोंदणीवर अडतात.

सुलभाकाकू:
मुली, तुझ्या आईचं बरोबर आहे. माझी भाची तिकडच्याच एका लहान गावात होती, रात्री लायब्ररीतून एकटी चालत यायची, आम्हाला इकडे झोप नसायची आणि तिला काही वाटायचं नाही. पण एक विचारू का इथल्या मुलांना, थंडीत मुलं फार एकटी पडतात असं ऐकलंय, भाची पण डिसेंबरात फोनवर गप्प गप्प असायची. त्याचं काय करता तुम्ही?

नेकारकाठ:
काकू, तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, लॅबमधून बाहेर यावं तर रात्र, सकाळी जावं तर जेमतेम उजाडलेलं. मोठ्या शहरात निदान दिवे आणि माणसं असतात. लहान गावात त्याला उत्तर एकच, आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळी कुठेतरी नाव घालून ठेवायचं. विद्यापीठाच्या खेळ विभागाचे कोर्स असतात, क्लाइंबिंगपासून नाचापर्यंत, पैसे अगदी थोडे, पण नोंदणी उघडली की लोकप्रिय कोर्स बघता बघता भरतात, वेळ पाहून लॅपटॉपसमोर बसावं लागतं. कॉयर असतात, गाता येत नसलं तरी घेणारेही असतात. टॅंडेम म्हणून प्रकार असतो, तू समोरच्याला इंग्रजी किंवा हिंदी शिकव, तो तुला जर्मन. पहिल्या आठवड्यातली ओळखपाळख चुकवायची नाही, तो बालिश प्रकार वाटतो, गावभर कोडी सोडवत फिरवतात, पण पुढच्या दोन वर्षांचे ग्रुप तिथेच पडतात, नंतर कुणी कुणाला आत घेत नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला जुन्या गावात चॉकलेटचा मोठा बाजार भरतो. ख्रिसमसचा बाजार मात्र तिथे तिसऱ्या ॲडव्हेंटच्या (ख्रिसमसआधीच्या चार रविवारांपैकी तिसऱ्या) वीकेंडलाच, बाकी शहरांसारखा महिनाभर नाही. हे दोन झाले की ख्रिसमसला गाव रिकामं. त्या दहा-बारा दिवसांसाठी आधीच ठरवून ठेवायचं, कुणाकडे जायचं किंवा कुणाला बोलवायचं. माझ्या मजल्यावर दरवर्षी जे मागे राहायचे त्यांचंच एक कुटुंब व्हायचं, इराणी, कोलंबियन, चिनी, आपण.

टवाळपाटील:
त्या मजल्यावरच्या एकाने सगळ्यांचं भांडं घासलं असेल तर तो आपलाच असणार.

भूर्जपत्र:
बर्लिनवारी यांच्या "नदीकाठची घरं रिटायर झाल्यावर बघा" ला माझा आक्षेप आहे. मी सायन्सचा नाही, संस्कृतसाठी गेलो होतो, तेव्हा माझं म्हणणं थोडं वेगळ्या अंगाने.

आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं की संस्कृतच्या अभ्यासात ट्युबिंगेनचं नाव मोठं आहे. रुडॉल्फ रोथ तिथे प्रोफेसर होता आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा प्रमुखही. त्याने आणि ब्योटलिंकने मिळून केलेला सात खंडांचा संस्कृत-जर्मन कोश १८५५ ते १८७५ या काळात सेंट पीटर्सबर्गहून निघाला, पुढचे कोशवाले त्याच्या खांद्यावर उभे आहेत. अथर्ववेदाच्या पैप्पलाद शाखेची काश्मीरहून गेलेली भूर्जपत्रावरची पोथी या गावातल्या ग्रंथालयात आहे, १९०१ मध्ये तिची छायाचित्रं घेऊन प्रतिकृती छापली गेली. माझं आयडी तिथूनच.

आणि धागाकर्ती, तुझ्या विषयाचं तर उगमस्थानच वर किल्ल्यात आहे. किल्ल्याच्या जुन्या स्वयंपाकघरात तेव्हा विद्यापीठाची प्रयोगशाळा होती. फ्रीडरिश मीशर नावाचा विशीतला पोरगा १८६९ मध्ये तिथे हॉस्पिटलमधून आणलेल्या जखमांच्या पट्ट्या धुवून त्यातल्या पुवातल्या पेशी वेगळ्या करत बसायचा, आणि त्या पेशींच्या केंद्रकातून त्याला एक नवाच पदार्थ सापडला, त्याला त्याने न्यूक्लिन नाव दिलं. तेच आपलं डीएनए. ती खोली आता बघायला खुली आहे, जाड दगडी भिंती, कमानीचं छत. त्याच किल्ल्यातल्या म्युझियममध्ये मॅमथच्या दातात कोरलेला बोटभर घोडा आहे, ३५ ते ४० हजार वर्षांपूर्वीचा. लेक्चर संपलं की दहा मिनिटं चढून जायचं आणि हे बघून खाली येऊन मेन्सात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खानावळीत जेवायचं, अशी गावं जगात किती आहेत?

खाली श्टिफ्टमध्ये, म्हणजे धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या जुन्या वसतिगृहात, हेगेल, शेलिंग आणि कवी होल्डरलिन एकाच काळात राहून शिकले, त्याच्या दोनशे वर्षं आधी तिथे केप्लर होता. होल्डरलिन तर पुढे मनाने खचल्यावर १८०७ पासून १८४३ मध्ये मरेपर्यंत नदीवरच्या बुरुजात एका सुताराच्या घरी राहिला. तो पिवळा बुरुज फोटोत दिसतो तो तोच.

बर्लिनवारी:
@भूर्जपत्र, माहिती उत्तम, नाव ठेवायला जागा नाही. पण मीशरच्या स्वयंपाकघराने हिचं भाडं भरलं जाणार नाही. इंटर्नशिपचं काय?

मधलीआळी:
हा मुद्दा रास्त आहे, पण हिच्या विषयाला तितकासा लागू होत नाही. बायोलॉजीवाल्यांना ट्युबिंगेनमध्ये युनिव्हर्सिटीच्या लॅब आहेतच, शिवाय माक्स प्लांकच्या संशोधन संस्था त्याच टेकडीवर, क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड यांना १९९५ चं नोबेल मिळालं तेव्हा त्या तिथल्याच. कोविडच्या वेळी नाव ऐकलेली क्युअरवॅक कंपनीही याच गावात सुरू झाली. लॅबमध्ये हिवी म्हणजे स्टुडंट असिस्टंट म्हणून काम मिळू शकतं, त्याला जर्मन फारसं लागत नाही. आणि नियम असा की बाहेरचं काम वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, पण युनिव्हर्सिटीतलं हिवीचं काम त्या मर्यादेत मोजत नाहीत. पैसे कॅफेइतकेच मिळतील, पण वर सीव्हीवर लॅबचं नाव लागतं आणि थिसिससाठी गाइड आपोआप सापडतो. लहान गावाचा हा फायदा फार मोठा आहे, तिसऱ्या सेमेस्टरपर्यंत तू कोण आहेस हे चार लॅबना माहीत असतं.

मोठ्या कंपनीत इंटर्नशिप हवी असेल तर मात्र गाव सोडावं लागतं. श्टुटगार्ट तासाभरावर. जर्मनी तिकीट काढलं की देशभरातल्या लोकल-रीजनल गाड्या चालतात, लांब पल्ल्याच्या आयसीई नाही. विद्यार्थ्यांना राज्याची सवलतीची आवृत्ती मिळते, वयाची अट आहे ती बघून घे.

हिशेबनीस:
+१. बायोलॉजीसाठी ट्युबिंगेन, मॅनेजमेंट किंवा मीडियासाठी बर्लिन, असं म्हटलं तर भांडण मिटावं.

सायसाखर:
हे सगळं वाचून आई-बाबा दोघांनाही धाग्याची लिंक पाठवलीय 🙈 रोजचं कसं असतं तेही सांगा ना. जेवण, अभ्यास, परीक्षा. मी शाकाहारी आहे.

नेकारकाठ:
मेन्सात शाकाहारी पदार्थ रोज असतो. चव सात्त्विक म्हणू, तिखट सोबत ठेव. दुपारचं गरम जेवण तिथे करायचं आणि रात्री स्वतःचं, असं बहुतेकांचं चालतं. कुकर घेऊन ये, डाळी-पीठ तिथे मिळतं.

गावात एक गंमत आहे, २०२२ च्या १ जानेवारीपासून तिथे वापरून फेकायच्या डब्या-कपांवर नगरपालिकेचा कर आहे, कपाला ५० सेंट, काट्या-चमच्यांना २० सेंट. कोर्टकचेऱ्या झाल्या, थेट घटनात्मक न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं आणि कर टिकला. त्यामुळे तिथला विद्यार्थी बॅगेत स्वतःचा कप आणि डबा घेऊन फिरतो. पहिल्या आठवड्यात विचित्र वाटतं, महिन्याभरात आपणही दुसऱ्याच्या हातातल्या कागदी कपाकडे आजीच्या नजरेने बघायला लागतो.

लेक्चरची वेळ १० लिहिली असेल तर ती बहुतेक वेळा सव्वादहाला सुरू होते, जुनी पद्धत आहे, वेळेपुढे सी.टी. असं लिहिलेलं असतं. एस.टी. लिहिलं असेल तर मात्र दहा म्हणजे दहा. लेक्चर संपलं की टाळ्या नाहीत, सगळे बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. मार्क उलटे, १.० सगळ्यात चांगला, ४.० पास, ५.० नापास. परीक्षेला वेगळी नोंदणी करावी लागते, ती अल्मा नावाच्या पोर्टलवर, मुदत चुकली की कितीही अभ्यास केलेला असो, बसता येत नाही. एका पेपरला किती वेळा बसता येतं याला मर्यादा असते, तुझ्या कोर्सची नियमावली पहिल्याच महिन्यात वाचून काढ. आपल्याकडे एटीकेटीवर निभतं तशी सवय असेल तर ती विमानतळावर सोडून ये.

मधलीआळी:
आणि केअरवोखे! वसतिगृहाबाहेर खाजगी फ्लॅटमध्ये राहिलीस तर एक दिवस दाराच्या मुठीला छोटी पाटी लटकलेली दिसेल, म्हणजे या आठवड्यात जिना, तळमजला आणि समोरचा फुटपाथ झाडायची पाळी तुमची. बर्फ पडला तर सकाळी फावडं घेऊन बाहेर. शेजारच्या आजी खिडकीतून बघत असतात. जिना झाडून झाला की पाटी पुढच्या दाराला अडकवायची, त्यात जो आनंद आहे तो डिस्टिंक्शनमध्ये नाही.

टवाळपाटील:
कुणी होड्यांचं बोलेना. शर्यत विसरलात?

भूर्जपत्र:
ती कशी विसरणार. नेकार नदीवर लांब, सपाट लाकडी होड्या असतात, श्टोखरकान, मागे उभं राहून काठीने तळाला रेटत चालवायच्या. उन्हाळी सेमेस्टरमध्ये चार जणांनी होडी ठरवून, खाऊ-पिऊ घेऊन, प्लेन झाडांच्या बेटाला फेरी मारणे हा गावाचा संध्याकाळचा धर्म आहे. फ्रोनलाइखनामच्या सुट्टीला, म्हणजे मे अखेर ते जून, विद्यार्थ्यांच्या संघांची शर्यत होते. चित्रविचित्र कपडे, पुलाच्या खांबाशी अरुंद जागेत सगळ्या होड्या एकदम घुसतात आणि मग जी काही ढकलाढकली, काठ्या अडकतात, माणसं पाण्यात. जिंकणाऱ्यांना बिअर. सगळ्यात शेवटी येणाऱ्यांना सगळ्यांसमोर कॉड लिव्हर ऑइल प्यावं लागतं, वर पुढच्या वर्षीची शर्यत भरवायची जबाबदारीही त्यांच्याच गळ्यात. पुलावर जागा हवी तर सकाळीच जाऊन उभं राहायचं.

अवांतर: प्रकाशक कोटाच्या घरावर "गटे इथे राहिला होता" अशी पाटी आहे, १७९७ ची गोष्ट. शेजारच्या घरावर विद्यार्थ्यांनी लावलेली पाटी आहे, "गटेला इथे ओकारी झाली." शहर तुम्हाला काय देतं ते सोडा, विद्यार्थ्यांचा विनोद टिकवून ठेवणारं गाव मला आवडतं.

बर्लिनवारी:
बरं बाबा, हरलो. पण जाण्याआधी ए२ पातळीपर्यंत जर्मन करून जा एवढं माझं ऐक. बर्लिनमध्ये इंग्रजीवर वर्षानुवर्षं राहणारे मी रोज बघतो, ट्युबिंगेनमध्ये डिपार्टमेंटच्या बाहेर पाऊल टाकलं की डॉक्टरची रिसेप्शनिस्ट, घरमालक, बसमधला तिकीट तपासणारा सगळे जर्मनच बोलणार. भारतात असताना क्लास लाव, तिथे गेल्यावर अभ्यासातून वेळ काढणं अवघड जातं.

मधलीआळी:
सहमत. आणि मोकळा रविवार असला की बेबेनहाउझेनला चालत जा, श्योनबुखच्या जंगलातून वाट आहे, शेवटी जुना मठ. हे मराठी मंडळ जमवून करू नकोस, वर्गातल्या कुणाला तरी घेऊन जा. आपली माणसं तिथे आहेत, दिवाळीला भेटतात, पण रोज त्यांच्यातच राहिलीस तर दोन वर्षांत भाषाही येत नाही आणि गावही कळत नाही. हे जरा कडू वाटेल.

सुलभाकाकू:
कडू नाही गं, बरोबर आहे. पण आजारी पडली तर पेज करून द्यायला आपलंच माणूस येतं, तेव्हा एखादा नंबर जवळ असू दे.

सायसाखर:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांनी पूर्ण धागा वाचला, हिशेबनीस यांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि म्हणाले लोनमध्ये पाच सेमेस्टरची फी धरू. म्हणजे ट्युबिंगेन! जर्मनचा क्लास सोमवारपासून लावतेय. वसतिगृहाचा फॉर्म उघडलाय, त्यात कुठल्या भागात हवं ते विचारलंय, आणि सिंगल अपार्टमेंट की शेअर्ड किचन. काय भरू?

मधलीआळी:
वेहाओ भर, शेअर्ड किचन भर. सिंगल अपार्टमेंट महागही पडतं आणि पहिल्या हिवाळ्यात चार भिंतींशी बोलत बसशील. "कुठलंही चालेल" हा पर्याय असेल तर तोही टिक कर, एकदा आत शिरलं की नंतर बदलून मागता येतं का ते तिथे गेल्यावर बघू. फॉर्म आजच पाठव आणि कन्फर्मेशनचा मेल आला का ते स्पॅममध्येही बघ.